शेवटचा फर्मा

रहस्यकथेतला खुनी कोण हे सांगायला बाइंडरला गोष्ट वाचावी लागत नसे. वाचनालयाच्या तळघरात सत्तावीस वर्षं तो फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे चढवत होता, आणि फाटकी पुस्तकं म्हणजे निम्म्याहून जास्त त्याच त्या जुन्या हेरकथा. त्यांचं आधी काय सुटतं? शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं. अधीर वाचक पहिला हात तिथंच घालतात. सुटी पानं लावायची तर क्रम तपासायला ती वाचावी लागतात. त्यामुळे या गृहस्थाला शंभर-दीडशे गोष्टींचे शेवट तोंडपाठ, आणि सुरुवात एकीचीही माहीत नाही. तरी ऐट अशी, की सगळ्या जणू त्यानेच लिहिल्यात!

त्याच गोष्टींवरून टीव्हीवर नवी मालिका आली आणि त्याच्या बायकोला तिचं वेडच लागलं. जुना हेर आता आजच्या काळात राहत होता. लाँड्रीच्या वर भाड्याची खोली, सारखा हरवणारा मोबाइल, बहिणीचे चुकवलेले फोन.

"मोबाइल आल्यावर रहस्य कसलं डोंबलाचं?" बाइंडर म्हणायचा.

"अहो, तुमच्या पुस्तकात मोलकरीण दार उघडते आणि जाते. हा तिला आधी खुर्ची देतो. पाय दुखतात का विचारतो. मग ती आपणहून सगळं सांगते."

बायकोने बावीस वर्षं इस्पितळाच्या फरशा पुसल्या होत्या. तिच्या पायांची चौकशी तिथं कुणी केली नव्हती. घरीही केली नव्हती, हे सांगायलाच हवं.

रविवारी संध्याकाळी सातला मालिका लागे. दहाव्या मिनिटाला बाइंडर दारातूनच निकाल देई, "माळी!" किंवा "धाकटा भाऊ!", आणि आत जाऊन आडवा होई. आठला बायको येऊन सांगे, "तुम्ही म्हणालात तोच निघाला हो." मग स्वारी खूश. असे अकरा रविवार गेले. बारावा म्हणजे शेवटचा भाग दीड महिन्याने दाखवणार होते.

त्या दीड महिन्यात ती गेली. गुरुवारी दुपारी भाजी चिरायला बसली, ती उठलीच नाही.

बाइंडरच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. आठव्या दिवशी तो कामावर गेला, खळ शिजवली, सुईत दोरा ओवला, पुस्तकं शिवली. जेवण जात होतं, झोप लागत होती. "माणूस आहे की दगड!" मेहुणी त्याच्या देखत म्हणाली. त्याला राग आला नाही, कारण तोही तेच म्हणत होता. एकतीस वर्षं एका छताखाली काढली, पण आपलं या बाईवर प्रेम होतं की नुसतीच सवय होती? ही एकच भीती त्याला उरली होती, आणि तीसुद्धा शेजारच्या घरात कुणी खोकावं तशी लांबून ऐकू येई.

चौथ्या आठवड्यात मुलगी दोन दिवस राहायला आली. शेवटच्या भागाआधी जुने भाग पुन्हा दाखवत होते, तिनं एक लावला. बंगला, तळं, तळ्यात मालक.

"माळी," बाइंडर सवयीने म्हणाला.

मुलगी हसली, मग हसू आवरून त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, माळी नाहीये. वकीलबाई आहे."

"पुस्तकात माळी आहे. मी स्वतः शिवलंय ते."

"पुस्तकात असेल. इथं खुनी बदललेत. वाचलेल्यांनाही कळू नये म्हणून. तीच तर गंमत आहे."

"तुझी आई म्हणाली होती, माळीच निघाला."

मुलीनं आवाज बारीक केला. "अकरा भागांत तुम्ही दोनदा बरोबर होतात. आम्ही दोघी फोन चालू ठेवून बघायचो ना. मी म्हणायचे, सांगून टाक एकदा, जिरू दे बाबांची. तर आई म्हणायची, दिवसभर दुसऱ्यांची फाटकी पुस्तकं शिवतात, घरी तरी बरोबर असू देत."

बाइंडरने मान हलवली. बरं, म्हणाला. वकीलबाईला हातकड्या पडल्या त्याही त्याने पाहिल्या. आत काही हललं असेल तर ते त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली.

शेवटचा भाग लागला त्या रविवारी तो सातला दारात उभा राहिला नाही, खुर्चीत बसला. पहिल्यांदाच सुरुवातीपासून बघत होता. जिना पुसणाऱ्या बाईपाशी हेर खाली पायरीवर बसला, घाई न करता, आणि तिच्या सुजलेल्या घोट्यांकडे बघून म्हणाला, डॉक्टरला दाखवलंत का? बाइंडरला कधी नव्हे ते पुढचं बघावंसं वाटलं. बायको या माणसाकडे दर रविवारी का जाऊन बसायची, ते आता त्याला स्पष्ट दिसत होतं.

दहावं मिनिट आलं. ही गोष्ट त्याने तीनदा शिवली होती.

"काका," तो मोठ्याने म्हणाला. खुनी काकाच होता, पुस्तकात.

मग तो उठला नाही, तसाच बसून राहिला. आठला पाच कमी असताना हेराने सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. काकांसमोरून तो पुढे गेला आणि मेलेल्याच्या थोरल्या बहिणीपाशी थांबला. ती खाली बघून रडायला लागली.

बाइंडर चुकला होता. टीव्ही बंद करून तो आतल्या खोलीत जाऊन पडला, आठ वाजून गेले, सव्वाआठ झाले. तो बरोबर होता असं येऊन सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं, आणि फुटलं ते आवरेचना.