पहिले आकडे

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मामांचा सिद्धांत हरला.

भाचीने देशाच्या बत्तीस वर्षांच्या आर्थिक आकड्यांवर दोन सिद्धांत घासून पाहिले होते. मामा म्हणत, लोक खर्च करताना हात आखडता घेतात म्हणून मंदी येते. दुसरा पक्ष म्हणे, कारखान्यांतली सुधारणा रखडते म्हणून. दुसऱ्या पक्षाचे अंदाज खऱ्या वाढीच्या जास्त जवळ निघाले. तिचा शोधनिबंध सोमवारी द्यायचा होता, आणि मामांनी उभा जन्म या एका सिद्धांतावर काढला होता. पोरक्या भाचीला वाढवलं ते उरलेल्या वेळात, असं ते गमतीने सांगत.

ती घरी आली तेव्हा मामा शर्टाला बटण लावत बसले होते. तिचा चेहरा पाहूनच ते समजले. किती फरकाने, एवढंच विचारलं. तिने सांगितल्यावर सुई कापडातच थांबली.

"आकडे कुठले घेतलेस? पहिले की सुधारलेले?"

सरकारी कचेरी दर तिमाहीचा आकडा आधी घाईने छापते आणि पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त करत बसते. तिने दुरुस्त केलेले घेतले होते. पण त्या वेळी ज्यांनी खर्च आवरला त्यांच्यासमोर होते ते पहिलेच. हा धडा तिला मामांनीच दिला होता.

"पळवाट शोधतोयस होय, मामा?"

"हरायचंच तर नीट हरू दे की, बाई."

पहिल्या आकड्यांच्या पुस्तिका कपाटाच्या वरच्या फळीवर होत्या. शनिवारी सकाळपासून मामा वाचू लागले, ती संगणकात भरू लागली. एका पानावर ते अडखळले. तिने पुस्तिका ओढून घेतली. वाढ उणे शून्य पूर्णांक चार टक्के. शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: पोरगी आज हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

तिने बराच वेळ ते पान उलटलं नाही.

"यात पुढे काही दुरुस्ती?"

"नाही," मामा म्हणाले. "हे तसंच राहिलं."

रविवारी संध्याकाळी सहापर्यंत एकशे अठ्ठावीसपैकी एकशे सोळा तिमाह्या भरून झाल्या. दोन्ही सिद्धांत जवळजवळ बरोबरीत आहेत. उरलेल्या बारा तिमाह्यांच्या पुस्तिका घरात नाहीत. ग्रंथालय सोमवारी दहाला उघडतं, निबंध बाराला द्यायचा आहे. मामांनी बटण लावलेला शर्ट उद्या ग्रंथालयात जायला खुर्चीवर काढून ठेवला आहे.