घरपट्टी माफीचा अर्ज

सुटीवर आलेला फौजी पहिले आठ दिवस झोपतो आणि उरलेले दिवस खातो, असं हर्षाच्या सासूबाई म्हणायच्या. त्या जाऊन तीन वर्षं झाली. पण ह्या खेपेला दुर्गेश दोन्हीतलं काहीच करत नव्हता. आला त्या दिवसापासून तो हर्षाला शिकवत होता. इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घालायचं, कॅन्टीनचं कार्ड कुठे आहे, विम्याची फाईल कोणती, मोटरचा फ्यूज कसा बदलायचा. कपाटाच्या दाराला आतून त्यानं फोननंबरांचा कागदही चिकटवून टाकला. हर्षा एम.एस्सी. झालेली, तिला एकदा सांगितलेलं पुरायचं. तरी तो दोनदा सांगायचा, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिच्याकडे बघायचा नाही. हे तिनं हेरलं होतं.

येत्या सोमवारी तो परत निघणार होता. ह्या वेळची पोस्टिंग ‘वर’ होती. कुठे वर, ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

त्यातच बेसा रोडवरचा फ्लॅट. जुन्या मालकाकडून घ्यायचा ठरलेला, तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. बाल्कनीच्या गजांमध्ये एवढं अंतर, की तीन वर्षांच्या उन्नतीचं डोकं सहज बाहेर जाईल. हर्षानं पहिल्याच दिवशी वीत लावून पाहिली होती, आणि त्या रात्री तिला झोप लागली नव्हती.

“घर एकट्या तुह्या नावानं घेऊ,” दुर्गेशनं ठरवून टाकलं होतं. “बाईच्या नावानं घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. अडतीस हजार वाचते. त्यात बाल्कनीची ग्रिल होते.”

ग्रिलचं नाव काढलं की हर्षा पुढे बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी मसुदा तपासायला ते गिरिधरच्या ऑफिसात गेले. हा गिरिधर नोंदणी कार्यालयासमोर बसून खरेदीचे कागद तयार करून द्यायचा. टेबलाच्या एका बाजूला दुर्गेश, मध्ये हर्षा आणि तिच्या मांडीवर उन्नती. दुसऱ्या बाजूला सासरे, महादेवराव. ते भिवापूरहून पहाटेच्या एसटीनं आले होते, पायाशी मिरच्यांची पिशवी घेऊन. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली, तरी माणूस खुर्चीला पाठ टेकत नव्हता.

गिरिधरनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. घेणार म्हणून एकच नाव होतं, हर्षा दुर्गेश भोयर.

“भाऊ, एक सांगून ठेवतो,” गिरिधर म्हणाला, “मंग म्हणू नका का गिरिधरनं सांगितलं नाही. कर्ज तुमच्या पगारावर, अन् घर एकट्या मॅडमच्या नावावर. मंग व्याजावरची इन्कम टॅक्सची सूट तुम्हाले भेटत नाही. हप्ता भरला म्हणून नाही, मालक आहे म्हणून भेटते ते. रिटर्न जुन्या पद्धतीनं भरता ना?”

“हो.”

“मंग? एक डाव टक्का वाचवून दरसालचं घालवून राहिले तुम्ही.”

“माहीत आहे मले,” दुर्गेश म्हणाला. “तुम्ही प्रिंट काढा.”

माहीत आहे. हे दोन शब्द हर्षानं नेमके टिपले. म्हणजे गोष्ट टक्क्याची नव्हतीच.

महादेवरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून हर्षापुढे धरला. “हे ठेव बेटा फाईलमधी. माह्या घराची घरपट्टी माफ झाली ना, त्याचा अर्ज. कोराच झेरॉक्स करून आणला. इकडं महानगरपालिकेचा वेगळा असन, पण असाच राहते. फौजेत उमर घातली माणसानं, एवढी तरी इज्जत पाहिजे का नाही?”

हर्षा औषधाच्या डबीतला बारीक कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई. तिनं अर्ज उलगडला. अर्जदार कोण, ह्याखाली दोन रकाने होते. पहिला माजी सैनिक. दुसरा सैनिकाची विधवा.

नोकरीत असलेल्या, धडधाकट सैनिकाच्या बायकोसाठी रकाना नव्हता. असायचं कारणही नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी तिची नजर त्या दुसऱ्या रकान्यावरून हलेना. घर तिच्या एकटीच्या नावानं. कपाटात नंबर. फ्यूज कसा बदलायचा. सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

“दोघांची नावं टाका,” ती म्हणाली.

गिरिधरची बोटं थांबली. दुर्गेश वळला. “काहून वं? ठरलं होतं ना?”

“तुम्ही ठरवलं होतं.”

“अन् ग्रिल?”

“मले नाही पाहिजे ग्रिल!” एरवी जपून बोलणाऱ्या हर्षाची भाषा रागात थेट माहेरी पोचायची. “टक्क्याचं सोंग नका करू. फ्यूज शिकवून राहिले, फायली दाखवून राहिले, आता घर करून देऊन राहिले. सगळं आवरून चालले न तुम्ही?”

उन्नतीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा पदर मुठीत धरला.

“मी चहा सांगून येतो,” म्हणून गिरिधर शहाण्यासारखा उठून गेला.

बोलले ते महादेवराव.

“त्याले नाही सांगता येत. मी सांगतो. तुही सासू सोळा वर्षं माह्या भावाच्या घरी राह्यली. मी कधी जम्मू, कधी तेजपूर. तिची एक पेटी होती, वऱ्हांड्यात ठेवलेली. घरी कोणी आलं का पेटी सरकवा. धान आलं का सरकवा. हा सातेक वर्षांचा असन. मले विचारे, बाबा, आपलीच पेटी काहून सरकवतात? काय सांगू त्याले? मी सुटीवर आलो का महिनाभराचा पाहुणा, अन् तुही सासू रोजची पाहुणी.”

“तुह्या पेटीले कोणी हात नाही लावला पाहिजे,” दुर्गेश खाली बघून म्हणाला. “एवढंच होतं. मी नसताना म्हणजे... मी नोकरीवर असताना. मरणाबिरणाचं नव्हतं.” मग जरा थांबून, “असन थोडंसं.”

हे ‘थोडंसं’ तो बोलला नसता, तर हर्षानं बाकीच्यावर विश्वास ठेवला नसता. तिनं नाक पुसलं.

“बाबा, त्या घरात दोन पाहुणे होते,” ती सासऱ्यांना म्हणाली, पण सांगत होती नवऱ्याला. “माझी पेटी हलू नये, म्हणून पहिलं नाव माझं. पण सुटीवर ह्यांनी माझ्या घरी पाहुणा म्हणून यायचं का? दुसरं नाव ह्यांचं. मला घरात एकही पाहुणा नको.”

महादेवरावांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. “फसला बे तू,” ते लेकाला म्हणाले.

गिरिधर चहा घेऊन आला तेव्हा हर्षानंच त्याला नावांचा क्रम सांगितला. “टक्का गेला मॅडम,” तो म्हणाला.

“जाऊ द्या.”

“अन् बाल्कनी?” दुर्गेशनं हळूच विचारलं.

“दोरीची जाळी आणायची. रविवारी तुम्ही बांधायची. गाठी शिकवतात ना फौजेत?”

गुरुवारी नोंदणी झाली आणि किल्ली मिळाली. रविवारी दुर्गेशनं अख्खी दुपार जाळी बांधली. हर्षानं एकेक गाठ ओढून पाहिली, दोन पुन्हा बांधायला लावल्या. “आमचे सीओसाहेब बी एवढे कडक नाही,” तो पुटपुटला. उन्नतीनं जाळीला डोकं लावून जोर केला. जाळी तसूभर हलली नाही.

सोमवारी सकाळी त्याची काळी ट्रंक भरताना हर्षानं लोकरी मोज्यांच्या खाली घडी घातलेला तो अर्ज ठेवला.

“हे काहून? फाईलमधी ठेव न.”

“फाईल माझ्याजवळ राहते. हा अर्ज मी भरणार नाही. ज्याचा त्यानं आणायचा.”

त्यानं घडी उलगडली. पहिल्या रकान्यात पेन्सिलीची खूण होती, पुढे त्याचं नाव, तारखेची जागा कोरी. दुसऱ्या रकान्यावर आडवी रेघ. आणि अगदी तळाशी, छापलेल्या सूचनांच्या खाली, आणखी एक सूचना होती: अर्जदारानं स्वतः रांगेत उभं राहून अर्ज द्यावा.

“असा नियम आहे?” त्यानं विचारलं.

“खाली लिहिलंय ना,” ती म्हणाली.

अक्षर तिचंच होतं. दुर्गेशनं अर्जाची पहिल्यासारखी घडी केली आणि तो मोज्यांच्या खाली, ट्रंकेच्या पार तळाला नेऊन ठेवला.