काचेवरचा हार

अजून माझा विश्वास बसत नाही. मी श्रीहरी फडणीस, इंदूरच्या एका इलेक्ट्रिक बसडेपोचा सेफ्टी ऑफिसर. हेल्मेट विसरलेल्या माणसाला भर दुपारी घरी परत पाठवणारा. आमच्या फाटकावर एक काळा फळा आहे, 'दुर्घटनारहित दिवस'. त्याखालचा आकडा रोज सकाळी मी स्वतः पुसतो, स्वतः लिहितो, दुसऱ्या कोणाला खडूला हात लावू देत नाही. खंडेनवमीच्या सकाळी मी तिथे १९१४ लिहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. निवृत्तीला चार महिने उरले होते. आकडा दोन हजारांच्या पुढे नेऊन निघायचं, एवढीच इच्छा होती.

डेपोत यंदा एक यंत्र बसवलंय. लोखंडी कपाटाएवढं आहे, म्हणून सगळे त्याला कपाटच म्हणतात. बस येऊन उभी राहिली की त्याचं झाकण वर सरकतं, आतून सोंडेसारखा हात निघतो आणि चार्जिंगची गन आपणहून बसच्या सॉकेटमध्ये लावतो. ऊन, धूळ, पाऊस, काही आत जात नाही. वर काचेचा एक डोळा, म्हणजे कॅमेरा, त्याला गाडीसारखा छोटा वायपर. समोर माणूस दिसला की हात बाहेर येत नाही, माणूस बाजूला होईपर्यंत थांबून राहतो. हा डोळा माझ्या हट्टापायी बसला. तीन महिने भांडलो मी त्यासाठी.

जुलैत मात्र त्याच डोळ्यानं वैताग आणला. काचेवर ओला पाला चिकटला की कपाट ठप्प, आणि सकाळी बस तशीच उपाशी उभी. मी खरमरीत पत्र लिहिलं, पाचोळ्याला घाबरणारं यंत्र आम्हाला नको. कंपनीची इंजिनिअर अबोली, साताऱ्याची मुलगी, तिनं दुरुस्ती केली. काचेवर पाणी पडलं की यंत्र पाऊस आला असं धरतं, आणि पावसात काचेला काही चिकटलं तर तो कचरा समजून आपलं काम चालू ठेवतं. मी वाचून, समजून, खूश होऊन त्यावर सही केली.

खंडेनवमीला आमच्या घरात अवजारांची पूजा असते. पणजोबा होळकरांच्या दप्तरात होते, ते दौत-लेखणी पुजायचे. मी डेपोत पाने-पकडी पुजतो. यंदा म्हटलं, कपाटाचीही झालीच पाहिजे. रमानं, माझ्या बायकोनं, आदल्या दिवशी राजवाड्यावरून झेंडू आणून मनगटाएवढा जाड हार ओवला होता.

कपाटाजवळ आम्ही तिघंच होतो. मी, अबोली आणि आमचा जुना इलेक्ट्रिशियन बाबूराव. कपाट यायच्या आधी भर पावसात हातानं गन लावायचं काम बाबूरावचं. एकदा असा झटका बसला होता की बिचारा चार हात लांब फेकला गेला. त्यामुळे कपाटावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त जीव.

"सर, आधी मेन बंद करते," अबोली म्हणाली.

"बंद मशीनची कसली पूजा? आपण समोर उभे आहोत ना, मग ते हलायचं नाही."

"तरी पण सर, प्रोटोकॉल आहे."

"अबोलीजी, प्रोटोकॉल मीच लिहिलाय."

बाबूराव हसून इंदुरी ढंगात म्हणाला, "साहेबांपुढे कोणाचं चाललंय का भिया! रहने दो."

अबोली तोंड फिरवून कपाटाच्या मागे पॅनलकडे गेली. तिला माझा राग आला होता, आणि मला त्याची गंमत वाटत होती.

मी फुलानं पाणी शिंपडलं. काचेवर थेंब पडले, वायपर एकदा फिरला. "बघ बाबूराव, आंघोळ झाली!" आम्ही दोघं हसलो. मग हळद-कुंकू वाहिलं. स्टुलावर चढून हार घातला. जाड हार, डोळ्यावरून थेट खाली आला. मला तो शोभून दिसला. मी खाली उतरलो, हात जोडले, डोळे मिटले. बाबूराव समोर चार्जिंगसाठी उभ्या असलेल्या बसपाशी उकिडवा बसून सॉकेटखाली कुंकवाचं स्वस्तिक काढत होता.

घासल्याचा आवाज आला म्हणून डोळे उघडले. वायपर झेंडूवर फिरत होता. पाकळ्या खाली पडत होत्या. पुन्हा फिरला, पुन्हा पाकळ्या. मग झाकण वर सरकलं.

हात बाहेर आला, नेहमीच्या शांतपणे. मी बघत राहिलो. ओरडायला हवं होतं, माझं कामच ते, पोरांना मी हेच शिकवतो. पण हे यंत्र माणूस समोर असताना हलूच शकत नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की समोर हलत असलेलं मला खरं वाटेना. बाबूरावची पाठ होती तिकडे. हात त्याच्या खांद्यावर टेकला आणि त्याला बसवर दाबत गेला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग बाबूरावची किंकाळी. अबोली धावत आली आणि तिनं लाल बटण दाबलं. मी तिथेच उभा, हात अजून जोडलेले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, गळपट्टीचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्यात. जीव वाचला. मी बाकावर बसलो. समोर डेपोचा मॅनेजर विक्रम रिपोर्ट लिहीत होता.

"फडणीस साहेब, आप टेन्शन मत लो," तो म्हणाला. "बाबूरावनी कबूल केलंय. हार त्यानीच घातला. चौकशी त्याच्यावर बसेल, नोकरीचं बघू काय होतं ते. तुम्ही मजेत रिटायर व्हा."

आणि माझ्या छातीतून एक मोठा श्वास सुटला. सुटकेचा. खरं सांगतो, त्या यंत्राच्या हातानं मला जितका धक्का दिला, त्याहून मोठा या एका श्वासानं दिला. हा माणूस मी आहे?

मी आत गेलो. बाबूरावचा चेहरा पांढरा पडला होता.

"असं का सांगितलंस?"

"माझा खांदा तर गेलाच आहे साहेब," तो पुटपुटला. "तुमचं नाव कशाला जावं? चारच महिने तर बाकी आहेत."

बाहेर आलो तर अबोली लॅपटॉप छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला जिन्यापाशी नेलं.

"सर, यंत्र शेवटचे फोटो ठेवतं. मी अजून कोणाला दाखवले नाहीत."

पहिल्या फोटोत मी होतो. इतक्या जवळून मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांत हार, चेहऱ्यावर भक्तीचं हसू, एवढा प्रसन्न की बघवेना. माझ्या मागे बसपाशी बाबूराव, हातात कुंकवाची वाटी. खाली यंत्राची ओळ होती, 'माणसे दोन. थांबा.'

दुसरा फोटो नुसता केशरी, काठोकाठ झेंडू. त्याखाली, 'पाऊस. काचेवर कचरा. माणूस नाही. सुरू करा.'

"मी मेन बंद करायला हवं होतं," अबोली म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तुम्ही नको म्हणालात तरी."

"तू विचारलं होतंस," मी म्हटलं. "दे इकडे."

लॅपटॉप मी विक्रमच्या रिपोर्टवर उघडा ठेवला. त्यानं दोन्ही फोटो पाहिले आणि लॅपटॉप मिटला. "साहेब, हे मी पाहिलंच नाही असं समजा. बाबूराव राजी आहे."

"मी राजी नाही. पाणी मी टाकलं, हार मी घातला, मशीन बंद करू नको असं मी सांगितलं. बाबूरावचं नाव खोडा."

त्यानं नाव खोडलं. माझं मात्र तो लिहीना, तेव्हा मी त्याच्या हातातून पेन घेतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी मी फाटकापाशी गेलो तर फळ्यावर माझ्याच अक्षरात १९१४ तसंच होतं. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाल्या बाया, सगळे येता-जाता माझ्याकडे बघत होते. मी ओल्या फडक्यानं आकडा पुसला आणि खडू हातात घेतला. एक शून्य काढायला माणसाला किती वेळ लागतो? मला फार वेळ लागला.