मातीआडची कलती मान

सांगाडा बोलतोय म्हटल्यावर दचकलात ना? दचकू नका. मी हाडांचा नाही, लोखंडाचा आहे. शिल्पकार मातीचा माणूस घडवतात तेव्हा ओली माती नुसती उभी राहत नाही, स्वतःच्या वजनाने खाली बसते. तिला आतून आधार लागतो. तो आधार म्हणजे मी. एक जाड उभी पट्टी, खांद्यांच्या जागी आडवी सळई, वर मान आणि डोक्याच्या जागी तारेचा पोकळ भोपळा. माती धरून राहावी म्हणून जागोजाग लाकडाच्या फुल्या टांगलेल्या, आणि पायाशी जड फळी. एवढाच माझा संसार.

आजवर कितीतरी माणसं माझ्यावर चढली आणि उतरली. माती लावायची, चेहरा घडवायचा, त्यावर प्लास्टर चढवून साचा काढायचा आणि मग माती ओरबाडून टाकायची. पुतळा प्रदर्शनात जातो, मी कोपऱ्यात जातो. टाळ्या त्याला, गंज मला. तक्रार नाही, आमच्या जातीचं हेच असतं.

मला घडवलं एका वेल्डरने. शिल्पकार होती त्याची धाकटी बहीण. तो तिला 'चिखलू' म्हणायचा, कारण लहानपणी जेवायला बसली तरी तिच्या नखांत चिखल असायचा. आपल्याला कलेतलं काही कळत नाही, हे तो अगदी ऐटीत सांगायचा. पण बहिणीने सांगाडा विकत आणायचा म्हटल्यावर त्याला ते लागलं. कारखान्याच्या भंगारातून त्याने स्वतः पट्ट्या आणि सळया निवडून आणल्या.

"माप कुणाचं घेऊ?" त्याने विचारलं.

"कुणाचंही चालेल, दादा. साधारण माणसाचं."

"मग साधारण माणूस समोर उभा आहे की! घे माझंच."

तिच्या कामाच्या जागी तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिने त्याच्या अंगाच्या कडेकडेने भिंतीवर कोळशाची रेघ ओढली. रेघ पूर्ण झाली तेव्हा दिसलं, मान डावीकडे थोडी कललेली आहे. एका हातात काळी काच धरायची, ठिणग्या चुकवायच्या आणि तिरकं होऊन जोड बघायचा, असं वर्षानुवर्षं केल्यावर मान कलणारच.

"सरळ उभा राहा ना रे!"

"सरळच आहे," तो म्हणाला.

त्याच्यापुरता तो सरळच होता. त्या रेघेवर धरून त्याने मला वाकवलं, जोडलं, घासलं. असा मी जन्माला आलो, मान जराशी वाकडी करून.

चिखलूची कामाची जागा म्हणजे एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. उंच खिडक्या, वर पत्रे, सगळ्यांत मिळून एकच मोरी आणि तिच्यावरून रोजची भांडणं. देशोदेशीचे कलाकार तिथे जागा घेऊन राहतात, काही महिने काम करतात आणि जातात. एक फोटोवाला होता, तो फक्त रिकाम्या पलंगांचे फोटो काढायचा. एक बाई किनाऱ्यावर टाकून दिलेले दोर उसवून त्यांची भलीमोठी जाळी विणायची. लोक बघायला आले की हमखास एकच प्रश्न विचारायचे, "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" मग हे लोक खाकरून उत्तरं द्यायचे: निसर्ग, अवकाश, स्मृती, आणखी काहीबाही.

पाहुणे गेले की खरं बोलणं सुरू व्हायचं. फोटोवाल्याचा बाप दवाखान्यात होता. हा खाली चहा प्यायला गेला आणि वर आला, तर पलंगावर नवी चादर घातलेली. दोरवालीचा नवरा होडी घेऊन गेला तो गेलाच. मी कोपऱ्यात उभा राहून हे ऐकलंय. मोठी उत्तरं पाहुण्यांसाठी असतात. खरं उत्तर बहुतेक वेळा एक गेलेलं माणूस असतं.

चिखलूकडे तेव्हा तसं उत्तर नव्हतं. नंतर आलं.

दादा एका टाकीच्या आत उतरून जोड मारत होता. टाकीत वायू राहिला होता. त्याचं जे काही उरलं ते बंद पेटीतून घरी आलं.

त्यांच्या आईचे दोन्ही डोळे काचबिंदूने कधीच गेले होते. मुलगा कामावरून आला की तिच्यापुढे मान खाली करून बसायचा आणि ती त्याच्या तोंडावरून हात फिरवायची. "किती काळा पडलास रे!" "तुला दिसतं का?" "हाताला कळतं मेल्या." हे त्यांचं रोजचं. चिखलू काम करता करता दोरवालीला हे सांगायची आणि हसायची. पेटी आली त्या दिवशी आईने हात पुढे केला, तेव्हा चारचौघांनी तिला धरलं. "नको आई, बघण्यासारखं नाही." बघायचं कुणाला होतं? तिचा हात तसाच मांडीवर परत गेला.

काही महिन्यांनी ती लेकीला म्हणाली, "जगाची तोंडं करतेस. मला त्याचं एकदा करून दे. एकदा हात फिरवू दे, मग मी काही मागणार नाही."

चिखलूने मला मधोमध घेतलं. तिने असं काम आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. फोटो समोर ठेवला नाही. माती लावायची, डोळे मिटून चाचपायची, खरवडायची, पुन्हा लावायची. रोज जाताना ओलं फडकं गुंडाळून वर प्लास्टिक बांधायची आणि म्हणायची, "येते हं दादा." माझ्या मानेवर तिने माती चढवली ती माझ्याच कलाने. त्या वेळी तिला दुसरं काही सुचलंही नसतं.

मग आई आली. जिना चढायला तिला फार वेळ लागला. चिखलूने फडकं सोडलं आणि आईचे हात मातीवर ठेवले. कपाळ, भुवया, लहानपणी आपटून बसकं झालेलं नाक, गाल. बोटं कानामागून खाली उतरली, मानेच्या त्या कलण्यापाशी आली आणि थांबली.

"आला," आई म्हणाली.

तिने आपला गाल त्या ओल्या गालाला लावला. मजल्यावरचे सगळे आपापलं काम सोडून उभे होते. जायला निघाली तेव्हा तिच्या तोंडावर माती होती आणि ती पुसू देत नव्हती. "हाच आहे," ती म्हणाली. "आता याला हात लावू नकोस गं."

साचेवाला परवा येणार होता. मधे एकच दिवस होता. घात त्या दिवसाने केला.

मजल्यावर एक बुजुर्ग शिल्पकार पाहुणा होता. मनाने चांगला माणूस, वाईट हेतू नव्हता. जाता जाता थांबला, बराच वेळ बघत राहिला. "फार सुंदर झालंय," तो म्हणाला. "फक्त मान बघ. सांगाडा वाकडा आहे का तुझा? तोल गेलाय."

तो गेल्यावर चिखलू दोन पावलं मागे सरकली आणि तिने डोळे बारीक केले. तिथेच मी समजलो. या कलाकारांना एक खोड असते. काम झालं हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पटत नाही आणि चूक आहे म्हटलं की लगेच पटतं. एकच शेवटचा हात, म्हणतात. एवढंच करते आणि थांबते.

मी लोखंड, तिला मला वाकवता येईना. म्हणून तिने माझ्यावरची माती वाकवली. डावीकडची कापली, उजवीकडे भर घातली. मान सरळ झाली, तर जबडा विचित्र दिसायला लागला, म्हणून तोही हलवला. जबड्यासाठी गाल, गालासाठी डोळ्याखालचा खळगा. संध्याकाळी मान ताठ झाली होती. चेहरा देखणा होता. सगळ्यांनी वाखाणला.

दुसऱ्या दिवशी साचेवाला प्लास्टरची पोती घेऊन वर आला आणि त्याच्या मागोमाग आई. "साच्यात जायच्या आधी एकदा भेटते," म्हणाली.

बोटं कपाळावरून निघाली. गालावर अडखळली. मानेपाशी गेली, परत वर आली, पुन्हा खाली गेली.

"हा कोण?"

"दादा गं. मान थोडी सरळ केली फक्त."

"नाही."

"आई, नीट बघ ना."

तिने पुन्हा बघितलं. अगदी मनापासून बघितलं. तिची बोटं माझ्या मानेच्या बरोबर वर होती, मधे फक्त चार बोटं माती. आत तोच होता, त्याच्याच हाताने वाकवलेला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण सांगाड्याला कसलं तोंड? ते वरच्या मातीला असतं.

चिखलूने झडप घालून माती ओढली, उजवीकडची काढली, डावीकडे थापली. "थांब, करते परत, आत्ता करते." ती रडत होती आणि हात भलतीकडेच जात होते. साचेवाला पोतं धरून तसाच उभा राहिला. तिने आईचा हात ओढून पुन्हा मातीवर ठेवला, तेव्हा आईने तो काढून घेतला.

"नको. आता आठवायला गेले की हाच येतो," आई म्हणाली. "पेटी उघडली नाहीत तरी चाललं होतं मला. माझ्या बोटांत होता तो. तिथूनही पुसलास."

तिने रुमालाने एकेक बोट पुसलं आणि जिना उतरायला लागली. चिखलू आधार द्यायला धावली, तर आईने कठडा धरला.

त्यानंतर ती आली नाही. थंडी सरायच्या आत गेली, असं फोटोवाला कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता. चिखलूने आपलं सामान नेलं, मला नेलं नाही. तिने माझ्याकडे बघणंच टाळलं. माझा तिच्यावर राग नाही. अंगावरची माती वाळली, तडकली आणि ढेकळाढेकळांनी गळून पडली.

आता तिच्या जागी नवी शिल्पकार आली आहे. हसतमुख पोरगी आहे. भिंतीला तिने रंग दिला, कोळशाची रेघ त्याखाली गेली. कुणीतरी तिला विचारलंच, प्रेरणा कुठून मिळते, आणि ती म्हणाली, "अजून शोधतेय." देव करो आणि तिला लवकर न सापडो. काल तिने मला उजेडात ओढलं, चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "सांगाडा भक्कम आहे. मान तेवढी वाकडी आहे. उद्या पाइप घालून सरळ करून घेते."

बाई गं, माझ्यावर हवी त्याची माती चढव. मला गंजू दे, भंगारात घाल, वितळव. पण ही मान सोड. एका माणसाचं एवढंच शिल्लक आहे आणि ते ओळखणारी बोटंही आता नाहीत.

ती सरळच आहे.