पान तीनशे अठराची दुरुस्ती

मी एक जुने गणिताचे पुस्तक आहे. कांदिवलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, पदवीच्या पहिल्या वर्षाला जे कॅल्क्युलस शिकवतात, ते माझ्या पोटात आहे.

तेवीस वर्षांपूर्वी मी छापखान्यातून इथे आलो. सुरुवातीला मला उसंत नव्हती. परीक्षा जवळ आली की माझ्यासाठी नंबर लागत. पुढे झेरॉक्स नोट्स आल्या, मग मोबाइलवरच पाने फिरू लागली. शर्मिष्ठा मॅडम तेवढ्या माझ्यातली गणिते वर्गात देत. बाकी ग्रंथपाल मधुकर वर्षातून एकदा मला झटकत आणि परत ठेवून देत.

दोन वर्षांपूर्वी गंधाली आली. ती दहावीत होती. तिचे वडील दत्ताराम याच कॉलेजात शिपाई. सकाळची शाळा सुटली की ती ग्रंथालयात त्यांची वाट बघत बसे. एका दुपारी तिने मला उघडले. तिची शाळा मराठी आणि माझे शब्द इंग्रजी. पहिल्या दिवशी तिला तीन पाने कळली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

आठवडाभराने शर्मिष्ठा मॅडमनी तिला पाहिले.

"हे वाचायला कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही मॅडम. पण हे लिमिट म्हणजे नुसतं जवळ जात राहायचं, की पोचायचंसुद्धा?"

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. तासाभराने त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात येऊन बस. दोन वाजता असतो. हजेरीपटावर नाव येणार नाही, मार्क कुठे धरले जाणार नाहीत. चालेल?"

प्राचार्यांची परवानगी मिळाली. मॅडमनी मला स्वतःच्या नावावर काढून तिच्या हाती दिले, म्हणून चारकोपचे तिचे घरही मी पाहिले. आई सुलक्षणाबाईंना हे पसंत नव्हते. "दहावीचं वर्ष आहे. शाळेत मार्क कमी पडले तर वाट लागेल ना!" शेवटी सहामाही परीक्षेपर्यंतची मुदत ठरली.

वर्गात ती शेवटच्या बाकावर बसे. हर्षद नावाचा एक मुलगा वळून म्हणाला, "काय गं, शाळा चुकलीस काय?" सगळे हसले. तिने मान खाली घातली आणि मला उघडले. अधूनमधून दत्ताराम वर्गात नोटीस घेऊन येत. ते तिच्याकडे बघत नसत.

सहामाहीत तिचे इतिहासाचे चार मार्क कमी झाले. सुलक्षणाबाईंनी ते चालवून घेतले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडमनी वर्गाची चाचणी घेतली. त्यातले एक गणित माझ्या तीनशे अठराव्या पानावरचे होते. वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ काढायचे होते. गंधालीचे उत्तर आले बत्तीस छेद तीन. माझ्या शेवटच्या पानांवरच्या उत्तरांत छापले होते तेवीस छेद तीन. मॅडमनी माझ्यावरून पेपर तपासले आणि तिच्या उत्तरावर लाल फुली मारली.

मित्रांनो, चूक माझी होती. छापताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती.

घरी तिने ते गणित तीनदा सोडवले. ताट तसेच राहिले.

"काय झाला गो?" दत्तारामांनी विचारले.

"बाबा, माझं चुकलेलं नाही. पुस्तक चुकलंय. पण मी दहावीतली. मी कसं बोलणार?"

दत्तारामांनी ताट तिच्यापुढे सरकवले. "मॅडमांनी तुका बोलावल्यानी ना? मगे तसा सांग मॅडमांका."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहिली. "मॅडम, तिसऱ्या गणिताचं माझं उत्तर बरोबर आहे. पुस्तकातलं चुकलंय."

"अरे यार, पुस्तक कधी चुकतं का?" हर्षद म्हणाला.

मॅडमनी खडू घेतला. पायरी पायरीने गणित फळ्यावर उतरले. बत्तीस छेद तीन. त्यांनी पुन्हा वरपासून पाहिले.

"किती जणांचं आधी बत्तीस आलं होतं?"

हळूहळू सात हात वर झाले. त्यात हर्षदचाही होता.

"मग बदललंत का?"

"सराव करताना उत्तरांच्या झेरॉक्समध्ये तेवीस बघितलं होतं ना, मॅडम."

"मीही तपासलं नाही," मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं."

तास संपला. दत्ताराम डस्टर घेऊन आले. "पुसू का मॅडम?"

"आज राहू द्या, दत्ताराम. तुमच्या मुलीचं गणित आहे ते."

दत्तारामांना त्यातले काही कळत नव्हते. तरी त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिले. मग फळ्याखालची खडूची भुकटी तेवढी पुसली आणि ते गेले.

गंधाली वर्षभर त्या वर्गात बसली. त्याचे प्रमाणपत्र तिला मिळाले नाही. तसा नियमच नव्हता. दहावी होऊन ती आता बारावीत आहे. मधुकरांनी माझ्या तीनशे अठराव्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर बरोबर उत्तर आहे आणि खाली लिहिले आहे, 'दुरुस्ती : गंधाली दत्ताराम परब, इयत्ता दहावी.'

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पाने दुमडू नका, हे तुम्हांला सगळेच सांगतात. माझी विनंती थोडी वेगळी आहे. तुमचे उत्तर माझ्याशी जुळले नाही, तर ते घाईने खोडू नका. गणित पुन्हा करून बघा. आणि चूक माझी निघाली, तर कुणाला तरी सांगा. मला स्वतःला ती दुरुस्त करता येत नाही.