पन्नास पत्त्यांचं लॅमिनेशन

माझी जीभ तिखट आहे, हे उमरग्यात मी सोडून सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, सगळ्यांदेखत म्हणायची, "ह्या शिवरंजनीच्या तोंडाला पुरणारा जावई कुठं मिळायचा?" मला ते कौतुकच वाटायचं. तहसीलसमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि तिथं गरीब गाय होऊन चालत नाही. 'एकच कॉपी पाहिजे, पण आधी माझी काढा' म्हणणाऱ्यांची रांग एकदा सांभाळून बघा.

दुकान माझ्या वडिलांचं, माणिकप्पांचं. झेरॉक्स मी काढायची, लॅमिनेशन मात्र बावीस वर्षं अप्पांच्याच हातचं. मशीन पुरतं तापलं की नाही हे ते दिव्याकडे न बघता, वर नुसता तळवा धरून सांगायचे. फुगा नाही, सुरकुती नाही. मार्कशीट, जातीचा दाखला, वारलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो, असं लोकांच्या घरात जे जे मोलाचं ते आमच्याकडे येऊन प्लास्टिकमध्ये जायचं. कुणी नावाजलं की अप्पा म्हणायचे, "आता पाण्यात टाका, न्हायतर पोरांच्या हातात द्या. बिनघोर ऱ्हावा."

आणि मी खेळायची सप्तदुर्ग. बंगळुरूकडच्या एका कंपनीचा पत्त्यांचा खेळ. पाकिटं घ्यायची, त्यात सरदार निघतात, तोफा निघतात, किल्ले निघतात. आपल्याजवळच्या ढिगातून पन्नास पत्ते निवडून गड्डी बांधायची आणि समोरच्याचे सात किल्ले पाडायचे. गावात हा खेळ खेळणारी मी एकटी, त्यामुळं दुपारी गिऱ्हाईक नसलं की झेरॉक्स मशीनच्या झाकणावर दोन्ही बाजूंनी मीच. नाहीतर फोनवर, अनोळखी लोकांशी.

अप्पांच्या लेखी पत्ते म्हणजे इस्पीट, पैशांचा जुगार, आणि इस्पीट म्हणजे घर बुडालं. दोन वर्षं त्यांनी झाकणाकडं पाठ फिरवून काढली. पण सोलापुरात स्पर्धा आहे असं मी घरात सांगितलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते मागं येऊन उभे राहिले.

"ही बाई कोण?" त्यांनी एका पत्त्याकडं बोट केलं.

"किल्लेदारीण. ही असली की आपला एक किल्ला पडत न्हाय."

"मग हिला जपून ठिव की," अप्पा म्हणाले आणि गेले.

एवढंच, पण मी दिवसभर हवेत होते. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मला धड जमणारी ही एकच गोष्ट होती आणि ती अप्पांनी बघावी, त्यांना माझा अभिमान वाटावा, एवढंच मला पाहिजे होतं. जिंकणं त्याच्यासाठीच.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मी गाडीची वेळ विचारायला स्टँडवर गेले. परत आले तर दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. आत अप्पा घामाघूम, आणि टेबलावर माझे पन्नासच्या पन्नास पत्ते, लॅमिनेशन करून, एकसारखे कापून, कोपरे गोल केलेले. किल्लेदारीण सगळ्यांत वर होती.

"हाताळून हाताळून खराब व्हायलते, माय," ते म्हणाले. "आता जन्मभर टिकतेत."

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आनंदानं. बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्याही कामासाठी भरदुपारी शटर ओढलं नव्हतं, ते माझ्या पत्त्यांसाठी ओढलं. स्पर्धेचे नियम अकरा पानं होते, इंग्रजीत, आमच्याच मशीनवर काढलेले. त्यांतली मी दोन वाचली होती. खेळ तर येतोय, नियम काय वाचायचे!

अप्पा बरोबर आले. कपाळाला विभूती, इस्त्रीचा शर्ट, हातात अव्वानं दिलेला डबा. सोलापुरात एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. बत्तीस खेळाडू, बहुतेक पोरंच. मी नाव सांगेपर्यंत अप्पांनी शेजारच्या एका पोराच्या वडलांना माझी गड्डी दाखवायला सुरुवातही केली. "बघा, एक फुगा सापडतोय का."

पत्ते तपासायला पंच आला. चष्मेवाला, माझ्यापेक्षा लहानच. त्यानं वरचा पत्ता उचलला, वाकवून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"मॅडम, हे चालणार नाहीत. पत्ता मूळ होता तसाच लागतो. वरून पाहिजे तर सुटं कव्हर घाला. नववं पान वाचलं नाही का?" मग त्यानं सगळी गड्डी पंख्यासारखी उघडली. "अहो, हे कायमचे गेले. कोणी केलं हे?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं हसले. माझे कान तापले.

"म्या न्हाय केलं," मी ओरडले. "ह्यांनी केलंय! मला न विचारता. ह्यांना काय कळतंय? दिसंल ते प्लास्टिकात घालायचं, एवढंच येतंय ह्यांना जन्मात!"

माझं बोट अप्पांच्या तोंडासमोर होतं. आता आख्खा हॉल हसला. इतका वेळ मला हसत होते, आता त्यांना, आणि मला, देवाशपथ, क्षणभर बरं वाटलं.

अप्पांनी डबा खुर्चीवर ठेवला. पंचासमोर हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. पोरीला बसू द्या." तो पोरगा ओशाळला आणि त्यानं कुणाची तरी जादाची गड्डी मला मिळवून दिली. अप्पा बाहेर जिन्यात जाऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत तिथंच.

मी पाचपैकी पाच डाव हरले. बत्तिसावी आले. शेवटच्या डावातला मल्लेश म्हणून अक्कलकोटचा माणूस भला होता. जिंकल्यावर म्हणाला, "ताई, पत्ता आला की तुम्ही लगेच टाकताय. थोडा हातात ठेवायला शिका." मी त्यालाही काहीतरी फाडकन बोलले असेन. आठवत नाही.

येताना गाडीत अप्पांनी मला खिडकी दिली. नळदुर्ग गेल्यावर विचारलं, "जेवलीस का?" डबा तसाच घरी आला.

त्यानंतर मी खरंच शिकले. अकराच्या अकरा पानं वाचली. पत्ते परत जमवले, सुट्या कव्हरात घातले. मल्लेशची माफी मागितली, तर तो दर बुधवारी फोनवर माझ्याशी खेळायला लागला. कुठं हरले, का हरले, ते वहीत लिहायची. आलेला पत्ता दाबून ठेवायचा, समोरच्याला वाटू द्यायचं की आपल्याजवळ काही नाही, हे सगळं मला जमायला लागलं. चार महिन्यांत मी मल्लेशला हरवलं. सहाव्या महिन्यात तो म्हणाला, "ताई, आता तुम्ही मला शिकवा."

इकडं दुकानात मात्र काहीतरी बिघडत होतं. सोलापूरहून आल्यावर आठेक दिवसांनी एक बाई मुलीची मार्कशीट घेऊन आली. अप्पांनी कागद घेतलाच नाही. "पोरीला इचारा," ते म्हणाले. "चालंल का न्हाय, मला कळत न्हाय." मला वाटलं, रुसलेत, उतरेल राग. राग असता तर उतरला असता. कुणी काही आणलं की ते दोन-दोनदा विचारायचे, "नक्की करू का? पुन्ना निघत न्हाय बरं." लोक वैतागून निघून जायचे. एकदा एका म्हाताऱ्याच्या बायकोच्या फोटोवर मोठा फुगा आला. अप्पा तो फोटो हातात घेऊन किती तरी वेळ उभे होते. दुसऱ्या दिवसापासून लॅमिनेशन मी करायला लागले. मला ते जमत नाही. माझ्या प्रत्येक कागदाला कुठं ना कुठं सुरकुती असते आणि अप्पा ती बघतात.

मी माफी मागितली नाही असं नाही. एका रविवारी अव्वासमोरच म्हणाले, "अप्पा, त्या दिवशी मी चुकले. तसं बोलायला नको व्हतं."

"तू कशाला चुकतीस?" ते शांतपणे म्हणाले. "न इचारता म्या केलं. खरंच कळत न्हाय मला त्यातलं." ते टोमणा मारत असते तर मी पाय धरले असते, भांडले असते. पण त्यांना ते खरंच वाटत होतं. जे मी रागात बोलले, ते माझ्या बापानं खरं मानून घेतलं होतं. आता ते मी कसं खोडून काढू?

नऊ महिन्यांनी सोलापुरात पुन्हा स्पर्धा आली. मी म्हणाले, "चला अप्पा, संगट."

"तू जा, माय. मी आलो की कायतरी इस्कटतंय."

मी गेले. सहा डाव खेळले, सहाही जिंकले. शेवटच्या डावात माझा एकच किल्ला उरला असताना हातातला पत्ता मी तीन फेऱ्या दाबून ठेवला आणि मग टाकला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. तोच चष्मेवाला पंच येऊन अभिनंदन करून गेला. त्याला मी आठवत नव्हते. मी जिन्याकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी ढाल घेऊन दुकानात गेले आणि अप्पांसमोर काउंटरवर ठेवली. वाटेत ठरवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "अप्पा, पैली आले. तुमच्यासाठी आणलीय."

त्यांचं तोंड उजळलं. खरंच उजळलं, मी बघितलं. दोन्ही हात पुढं आले आणि ढालीपासून वीतभर अलीकडं थांबले. मग त्यांनी ते हात धोतराला पुसले, आणि ज्या आवाजात तहसीलमधल्या साहेबाला विचारतात त्या आवाजात मला विचारलं,

"हात लावू का?"