लंकाबाईची उलटी पाटी

अ‍ॅडजस्ट हा शब्द पंचवटीत कोणी आणला, देव जाणे. रिक्षावाला चौथी बाई कोंबताना म्हणतो, ताई, अ‍ॅडजस्ट करा. म्हणजे अंग चोरा. गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, अ‍ॅडजस्ट करा ना, म्हणजे भाव पाडा. टेलर ब्लाउज अ‍ॅडजस्ट करून देतो, म्हणजे उसवून सैल करतो. आणि लग्नानंतर आई मला म्हणाली, सुवर्णा, अ‍ॅडजस्ट कर. म्हणजे गप्प बस. इतकी कामं एकटा शब्द करतो, आणि वाकावं मात्र दर वेळी आपल्यालाच लागतं.

गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, वर येणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी आमची रांग बसते. माझी शेवंतीची पाटी, शेजारी लंकाबाईची मेथी-कोथिंबिरीची. आमच्यात एक रीत आहे. कोणी सुतकात, बाळंतपणात, दवाखान्यात अडकली, की जागेवर रिकामी पाटी उलटी ठेवून जाते. उलट्या पाटीला कोणी हात लावत नाही. लंकाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली, तेव्हा तिनंही ठेवली होती.

ती काळा चष्मा लावून परतली, तर तिच्या जागेवर गोटीरामची मेहुणी बसलेली, रंगूबाई. गोटीराम आमच्या रांगेचा पुढारी. भांडणं तोच मिटवतो, कारण बहुतेक तोच लावतो. लंकाबाईची पाटी त्यानं मागं गटाराच्या भिंतीला टेकवून दिली होती. तो हे करत असताना आम्ही बघत होतो, कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

"मावशी, डोळ्याला ऊन लागंल. मागं सावली हाय," गोटीराम गोड आवाजात म्हणाला. "जरा अ‍ॅडजस्ट करा."

"नाय करायची," लंकाबाई म्हणाली.

इतकं साधं उत्तर या शब्दाला देता येतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तिनं भिंतीजवळची पाटी आणली, रंगूबाईच्या पुढ्यात, भर वाटेत उलटी घातली आणि शेजारी फतकल मारून बसली. गिऱ्हाईकं तिला वळसा घालून जाऊ लागली.

"अगं सुवर्णा, तू तरी सांग हिला," गोटीराम म्हणाला.

मला असा राग आला की कान तापले. त्याचा आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. शेवंती दुपारपर्यंत मान टाकते, हे मला कळत होतं. तरी मी सगळी फुलं फडक्यात ओतली आणि पाटी उलटी केली. पलीकडच्या गोजराबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग तिनंही केली. बघता बघता रांगभर पाट्या पालथ्या झाल्या. आंघोळ करून वर आलेला एक म्हातारा थबकला.

"काय हो, कोण गेलं?"

"अजून कोणी नाय," गोजराबाई गोटीरामकडे बघत म्हणाली.

गोटीरामनं दोघींना समजावलं, एकीला दटावलं. एकही पाटी सुलटी झाली नाही. शेवटी रंगूबाईच उठली. तिची मान सकाळपासून खालीच होती.

"मला सांगितलं व्हतं, बाई आता येणार नाय," ती म्हणाली आणि जुड्या गोळा करून भिंतीकडे निघाली.

लंकाबाई आपल्या जागेवर येऊन बसली. पदर सारखा केला, पाटी सुलटी केली.

"ए रंगू, कुठं चालली?"

"मागं."

"मागं कुत्रं तरी फिरकतं का? ये, बस इथं." तिनं आपली पाटी माझ्याकडे हातभर ओढली. मीही सरकले.

गोटीरामला जोर चढला. "मी तरी येगळं काय म्हणत व्हतो, मावशी?"

"तू म्हणत नव्हता, ढकलत व्हता," लंकाबाई म्हणाली. "तू नुसतं इचारलं असतं ना, तर मी त्याच टायमाला सरकले असते."